मागच्या बागेतला चर

माळीणबाईंचा कोणावर विश्वास नव्हता. दूधवाल्याने माप काठोकाठ भरलं तर त्या म्हणत, आज याच्या मनात काहीतरी आहे. आणि जरा कमी भरलं तर म्हणत, बघा, मी म्हणत नव्हते? आता अशा माणसाशी कोण किती दिवस जमवून घेणार? आधी शेजारीण बोलेनाशी झाली, मग धाकटी जाऊ, आणि सहा वर्षांपूर्वी पोटची एकुलती एक मुलगीसुद्धा. उरली होती ती शाळेची मागची बाग. बावीस वर्षं ती त्यांच्या हाताखाली होती आणि एवढ्या वर्षांत तिने त्यांना एकदाही फसवलं नव्हतं. पाणी घातलं की टवटवीत, नाही घातलं की मान टाकलेली, तोंडदेखलं काही नाही. त्या बागेवाचून आपल्याला आता दुसरं कोणी नाही, हे माळीणबाईंना पक्कं माहीत होतं.

त्यात चित्रकलेचे नवे सर आले.

सर तिशीच्या आतले, अंगाने काटकुळे, आणि बोलायला इतके गोड की माळीणबाईंनी पहिल्याच दिवशी मनात गाठ मारून ठेवली. काही हवं असल्याशिवाय एवढं गोड कोण बोलतं? मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मात्र त्यांच्यावर खूश होत्या. सरांनी त्यांच्या डोक्यात भरवलं की चित्रकला आणि इतिहास हे दोन्ही विषय मुलांना बागेत शिकवायचे, हातात माती देऊन. चित्रकलेचं आणि इतिहासाचं बागेत काय काम, असं मोठ्या बाईंनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. दर शनिवारचे पहिले दोन तास देऊन टाकले.

"मावशी, उद्या पहिला तास आहे," अवजारांच्या खोलीच्या दारात उभं राहून सर म्हणाले. "तुम्हीही या ना. सगळं कसं करायचं ते मुलांना समजावून सांगणार आहे. तुम्ही असलात तर बरं होईल."

"बघू," माळीणबाई म्हणाल्या.

एवढ्या आग्रहाने बोलावतोय म्हणजे काहीतरी गळ्यात मारायचं असणार. दुसऱ्या दिवशी ते दोन तास त्या शाळेच्या पुढच्या अंगणात बसून धुतलेल्या कुंड्या परत धूत राहिल्या. त्या दिवशी मुकाट्याने गेल्या असत्या तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण गेल्या असत्या तर त्या माळीणबाई कसल्या.

त्याच्या पुढच्या शनिवारपासून त्या कुंपणाआड उभ्या राहायला लागल्या. कुंपण छाटायच्या निमित्ताने. कात्री हातात, कान पलीकडे. दोन महिन्यांत ते कुंपण इतकं छाटून झालं की आड उभं राहायला वाकावं लागायचं. मुलांनी त्यांचं नाव कुंपणमावशी ठेवलं, ते त्यांना कळलं होतं, आणि ते सरांनीच शिकवलं असणार याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

पलीकडे जे चाललं होतं ते दिसायला काही वाईट नव्हतं, हे मान्य करायला हवं. सरांनी मुलांकडून चार वाफे करून घेतले होते. पहिल्यात गहू आणि जव, माणसाने सगळ्यात आधी पेरलेलं. दुसऱ्यात डाळी. तिसऱ्यात कांदा, लसूण. आणि चौथ्यात बटाटा, टोमॅटो, मिरची, म्हणजे जे फार उशिरा जहाजातून आलं ते. तुमच्या पणज्याच्या पणज्याच्या पणज्याने टोमॅटो बघितलासुद्धा नव्हता, असं सरांनी सांगितलं तेव्हा एक मुलगा इतका हादरला की त्याने विचारलं, मग तो जेवायचा काय? कडेला बीट, पालक आणि झेंडू लावले होते, ते रंगासाठी. मुलं ते दगडावर वाटायची, फडक्यातून गाळायची, आणि काडीचं टोक चावून चावून त्याचा ब्रश करायची. विकतचा रंग आणायचा नाही असा नियमच होता.

हे सगळं ठीक. माळीणबाईंचं डोकं फिरलं होतं ते चरावरून.

वाफ्यांच्या पलीकडे सरांनी गुडघाभर खोल, लांबच लांब चर खणायला घेतला होता. वर दोऱ्या ताणून चौकोन पाडलेले. दर शनिवारी एक चौकोन उकरायचा, छोट्या पळीने आणि ब्रशने, आणि जे सापडेल ते धुऊन, बागेतल्या रंगाने त्याचं चित्र काढायचं. चित्राखाली कार्ड लिहायचं. हे काय आहे? कोणी वापरलं असेल? कशावरून? आणि सगळ्यात शेवटी: आपल्याला काय माहीत नाही?

आणि दर शनिवारी काहीतरी सापडायचंच. न चुकता. कधी काचेचा मणी, कधी नक्षीच्या भांड्याचा तुकडा, कधी दिव्याचं पितळी बूड. आता माळीणबाईंनी ती जमीन बावीस वर्षं खणली होती. तिच्यात त्यांना काय सापडलं होतं? बाटलीची झाकणं, बाहुलीचा एक हात आणि एका शिक्षकांची कवळी. मणी एकही नाही. या बाबाला बरे दर आठवड्याला मणी सापडतात.

मग त्यांनी पाळत ठेवली. शुक्रवारी शाळा सुटल्यावर सर खांद्याला पिशवी लावून बागेत जायचे. जाताना पिशवी जड, येताना हलकी. शनिवारी सकाळी, मुलं यायच्या आधी, माळीणबाईंनी चरात उतरून हात लावून बघितलं. न हललेल्या मातीत मुळांचे बारीक धागे असतात, गांडुळाची भोकं असतात. ही माती मोकळी होती, नुसती थापलेली. म्हणजे हा माणूस आदल्या दिवशी वस्तू पुरतो आणि दुसऱ्या दिवशी लेकरांना सांगतो की बघा, इतिहास सापडला. लेकरं बिचारी डोळे विस्फारून बघतात. खोटारडा मेला, माळीणबाई मनात म्हणाल्या, आणि त्यांना फार बरं वाटलं. आपला संशय खरा ठरला की त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

का करत असेल, याचं उत्तरही लवकरच मिळालं. एका दुपारी सर लांब टेप घेऊन मागची बाग मापताना दिसले, आणि त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी माळीणबाईंना खोलीत बोलावून घेतलं. नव्या सत्रापासून मागची बाग सरांच्या वर्गाकडे द्यायचा विचार आहे, त्या म्हणाल्या. मावशींनी पुढचं अंगण सांभाळायचं. पुढचं अंगण म्हणजे चौदा कुंड्या आणि एक वेल, आणि तो वेलही प्लास्टिकचा असावा असा माळीणबाईंना संशय होता.

"ठरलंय का विचारच आहे?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी लिहून द्यायचंय मला. तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा."

"म्हणणं आहे. पण आत्ता सांगणार नाही. शनिवारी दहाला चरापाशी या. तिथे कळेल."

"काय ते सांगून टाका ना, मावशी."

माळीणबाईंनी ओठ मिटून घेतले. मोठ्या बाईंच्या पोटात एक गोष्ट राहायची नाही. आत्ता सांगावं आणि संध्याकाळपर्यंत सरांच्या कानावर जावं, एवढ्या त्या भोळ्या नव्हत्या.

नुसतं सांगून कोणी ऐकायचं नाही, मोकळ्या मातीची गोष्ट कागदावर लिहून देता येत नाही. तेव्हा माळीणबाईंनी सापळा लावायचं ठरवलं. चरात आपणच एक वस्तू पुरायची. जुनी दिसणारी, पण आपली, जिची खूण न खूण आपल्याला पाठ आहे अशी. शनिवारी ती निघाली की सर मुलांना थापा मारणार, हे हत्यार अमक्या काळातलं आणि तमक्या सरदाराचं. तेव्हा आपण पुढे व्हायचं आणि मोठ्या बाईंच्या समोर म्हणायचं, हे माझ्या घरातलं आहे, परवा पुरलंय. मग बघू कोण कोणाला कुंड्यांकडे पाठवतं.

पण तशी वस्तू कोणती? घरातली भांडी स्टीलची. फावडी, कुदळी शाळेच्या. सगळी खोली उलथीपालथी केली तेव्हा पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं एक खुरपं हाताला लागलं. हाताला लागलं असं आपलं म्हणायचं. ते तिथे आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी पेटी सगळ्यात शेवटी उघडली.

ते त्यांच्या मुलीचं खुरपं. मुलगी पाच वर्षांची असताना त्यांच्यामागे बागेत यायची आणि मोठ्यांचं खुरपं तिच्या हातात मावायचं नाही. मग माळीणबाईंनी एक जुनं घेऊन त्याची मूठ अर्धी कापली, घासून गुळगुळीत केली. पण मुलीला ते जमेचना. चार दिवसांनी लक्षात आलं की पोरगी डावखुरी आहे. तेव्हा लोहाराकडे जाऊन पातं उलट्या बाजूला वाकवून आणलं. तीन वर्षं ती त्याने गवत काढत होती. पुढे ती मोठी झाली, शिकली, लग्न करून दुसऱ्या गावी गेली. सहा वर्षांपूर्वी ती आणि जावई आले होते ते सांगायला की आई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे चल. नुकतं बाळ झालं होतं तिला. माळीणबाई जावयाच्या तोंडावर म्हणाल्या, "तुम्हाला पोर सांभाळायला फुकटची दाई हवीय, ते सरळ सांगा की." मुलीने हातातला चहा खाली ठेवला आणि उठली. त्यानंतर काही महिने फोन आले, मग तेही थांबले. आपलं चुकलं असं माळीणबाईंना कधी कधी वाटायचं. पण मग त्या स्वतःलाच विचारायच्या, कशावरून?

"एक-दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," त्या खुरप्याकडे न बघता म्हणाल्या आणि ते पिशवीत टाकलं.

गुरुवारी दुपारी सर लवकर जायचे. माळीणबाईंनी शनिवारचा चौकोन हेरून ठेवला होता. पुरायचं कसं ते त्यांना शिकवायला नको. वरची गवताची चकती अख्खी कापून बाजूला ठेवली, वरची काळी माती एका पोत्यात काढली, खालची तांबूस दुसऱ्या पोत्यात. खुरपं ठेवलं, मग खालची माती खाली, वरची वर, थर थर दाबत, शेवटी चकती बसवून झारीने बेताचं पाणी. बघणाऱ्याला सांगून पटलं नसतं की इथे कोणी नख लावलंय. सरांच्या थापलेल्या मातीकडे बघून त्या तुच्छतेने हसल्या. याला पुरतासुद्धा येत नाही.

शनिवारी दहाला मोठ्या बाई आल्या. माळीणबाई आज कुंपणाआड नाही, सरळ चराच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. आज एक तर बाग राहणार होती, नाहीतर कुंड्या.

मुलं पालथी पडून उकरत होती. एक दातपडका मुलगा होता, तो सगळ्यात पुढे. त्याच्या शेजारी जाड चष्म्याची मुलगी. आणि काठावर मांडी घालून एक किडकिडीत मुलगी वहीत सगळं टिपत होती, तिला सगळे वहीवाली म्हणायचे.

"सर, लोखंड लागलं," दातपडक्या म्हणाला.

ब्रशने माती झटकून त्याने खुरपं वर काढलं. सर उकिडवे बसले. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, पान उलटलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे माझं नाही."

माळीणबाई गोंधळल्या. हे असं ठरलं नव्हतं.

"तुमचं नाही म्हणजे?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी काल या चौकोनात एक फुटकी बशी पुरली होती. ती ही, बाजूला निघालीच आहे. हे मी पुरलेलं नाही."

"ऐकलंत?" माळीणबाई पुढे झाल्या. "पुरली होती म्हणतोय. स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. दर शुक्रवारी पिशवीतून आणून पुरतो आणि या लेकरांना सांगतो इतिहास सापडला. फसवतोय हा सगळ्यांना."

सगळी मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. कोणाचेही डोळे विस्फारले नाहीत.

"पण सर पुरतातच की," दातपडक्या म्हणाला. "आम्हाला माहितीये."

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," चष्मेवाली म्हणाली. "सर जुन्या बाजारातून वस्तू आणून पुरणार आणि आपण ओळखायचं. मधेच एखादी नवी वस्तू पण पुरतात, फसवायला. ती पकडली की आपण जिंकलो. तुम्ही नव्हता का त्या दिवशी?"

माळीणबाईंनी मोठ्या बाईंकडे बघितलं. मोठ्या बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"हे सांगायला बोलावलंत मला?" त्या म्हणाल्या. "हे तर मलाही माहीत आहे. मला वाटलं काहीतरी भलतंच घडलंय."

"मावशी, विचारलं असतं तर सांगितलं असतं मी," सर म्हणाले. त्यांचा आवाज गोड नव्हता, जरा दुखावलेला होता.

"विचारल्यावर खरं कोण सांगतं?" माळीणबाई म्हणाल्या. पण त्यात जोर नव्हता. चार महिने ज्या रागावर त्या उभ्या होत्या तो पायाखालून निघून गेला होता आणि लाजेने कान गरम झाले होते. तिथून निघून जावं असं वाटत होतं. पण खुरपं मुलांच्या हातात होतं.

मुलांना मोठ्यांच्या भांडणात रस नव्हता. त्यांना न पुरलेली वस्तू सापडली होती.

"हे लहान आहे," दातपडक्या म्हणाला. "माझ्या मुठीत बसतं. सरांच्या नाही बसणार."

"खेळण्यातलं असेल."

"खेळण्यातलं नाही. पातं झिजलंय बघ. काम केलंय याने." त्याने जमिनीवर ओढून बघितलं. "पण चालत नाहीये. पातं उलटं वाकलंय."

"दे इकडे," वहीवाली म्हणाली. तिने पेन्सिल कानामागे खोवली आणि डाव्या हातात खुरपं घेतलं. एका झटक्यात गवताचा अख्खा झुबका निघाला. "उलटं नाही. डाव्या हाताचं आहे. माझ्यासारख्याचं."

"मूठ मोठी होती, ती कापलीय," चष्मेवाली म्हणाली. "इथे करवतीची खूण आहे. मग कोणीतरी खूप वेळ घासलंय. एवढं गुळगुळीत दुकानात मिळत नाही."

"आईने घासलं असेल, नाहीतर बाबांनी."

"मग ते मूल मोठं झालं."

"मोठं झालं तर फेकून द्यायचं ना. ठेवलं कशाला?"

माळीणबाईंना वाटलं आपल्या घराचं दार कोणीतरी उघडं टाकलंय.

"सर," दातपडक्या बोटं चोळत म्हणाला, "याला गंज नाहीये. तेल आहे. माती तेलाला चिकटलीय." त्याने वास घेतला. "नवीन तेल. कोणीतरी तेल लावून पुरलंय."

हे माळीणबाईंनाही नवीन होतं. त्यांनी आठवून बघितलं. गुरुवारी, फडकं सोडल्यावर, पिशवीत टाकायच्या आधी, हात आपला तेलाच्या बाटलीकडे गेला होता. दर वर्षी जायचा तसा. पुरायला निघालेल्या वस्तूला आपण तेल चोळतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"पुरायचं तर तेल कशाला लावायचं?" चष्मेवालीने विचारलं.

"खराब होऊ नये म्हणून."

"खराब होऊ द्यायचं नाही तर पुरायचं कशाला?"

वहीवालीने कार्ड काढलं आणि शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. "हे 'माहीत नाही'मध्ये लिहिते," ती म्हणाली. "एवढं जपलेलं पुरलं का."

"बहुतेक ते मूल त्यांना आता नकोसं झालं असेल," दातपडक्या म्हणाला. त्याने ते अगदी सहज म्हटलं, कार्ड भरायचं म्हणून.

"नकोसं कसं होईल?" माळीणबाई म्हणाल्या. आवाज असा निघाला की सर उठून उभे राहिले. "माझी मुलगी आहे ती. मला नकोशी कशी होईल?"

मग सगळं सांगावंच लागलं. खुरपं कोणाचं, कधी पुरलं, कशासाठी. सरांना उघडं पाडायला, हे म्हणताना त्यांनी सरांकडे बघितलं नाही. मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे इथे कोणाला न सांगता पुरणारं माणूस एकच निघालं, मावशी," त्या म्हणाल्या. "बाग वर्गाकडे जाईल. सोमवारी मी तसं लिहून देते."

आणि त्या गेल्या. बावीस वर्षांची बाग दोन वाक्यांत गेली. माळीणबाई चराच्या काठावर बसल्या. आणि सगळ्यात वाईट हे की या वेळी दोष द्यायला समोर कोणीच नव्हतं.

"मला जोड दिसला नाही," थोड्या वेळाने सर म्हणाले. ते रिकाम्या चौकोनाकडे बघत होते. "मी काल इथेच बशी पुरली, तरी कळलं नाही. थर कसे जुळवलेत?"

आता गोड बोलून शिकून घेणार हा, असं माळीणबाईंच्या मनात आलंच. तरी त्या म्हणाल्या, "दोन पोती लागतात. सोमवारी दाखवते."

वहीवाली त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "मावशी, एक तास खुरपं ठेवू? चित्र काढून परत देते. पात्याला झेंडूत पालक मिसळावा लागेल."

माळीणबाईंनी मान हलवली. ती चित्र काढत होती तेवढा वेळ त्यांनी खुरप्यावरची नजर काढली नाही, ते सांगायला नकोच. चित्र चांगलं झालं. मूठ तर हुबेहूब. मग तिने कार्ड पुढे केलं.

"आता आपल्याला माणूसच माहितीये, तर विचारता येईल ना? सर म्हणतात, वापरणारं माणूस असेल तर आधी त्याला विचारायचं. त्यांना विचाराल, याने त्या काय काय काढायच्या? मला मंगळवारपर्यंत हवंय."

"तिचं आणि माझं बोलणं होत नाही," माळीणबाई म्हणाल्या.

"बरं," वहीवाली म्हणाली. तिने क्षणभर विचार केला. "पण मंगळवारपर्यंत हवंय."

दुपारी शाळा रिकामी झाली. माळीणबाईंनी अवजारांच्या खोलीचं दार लोटून घेतलं, पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या आणि फोन लावला. नंबर बदलला असेल. नाव बघून कापून टाकेल. तिसऱ्या घंटेला फोन उचलला गेला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या.

पलीकडून मुलीचा आवाज आला. "काय झालं? पडलीस का कुठे?"

"नाही. तुझं लहानपणीचं खुरपं आहे ना, त्याने तू काय काय काढायचीस?"

"काय?"

"एका मुलीला लिहून द्यायचंय. गवत तर मला आठवतंय. अजून काय?"

"आई, तुझ्याजवळ कोण आहे?"

"कोणी नाही."

"कोणीतरी आहे. कोण बोलायला लावतंय तुला?"

माळीणबाईंनी मग पहिल्यापासून सांगितलं. सर, चर, बशी, तेल. बाग गेली ते सांगितलं. माझंच चुकलं, असं म्हणाल्या. ते एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. आणि मग, थांबल्या तर परत धीर होणार नाही म्हणून, लागलीच म्हणाल्या, "त्या दिवशीही माझंच चुकलं. तुम्ही मला बोलवायला आला होतात तेव्हा."

"खरं काय ते सांग," मुलगी म्हणाली. "सहा वर्षांत तुझा एक फोन नाही. आज अचानक खुरपं आठवलं, आणि वर चुकलं म्हणतेस. तू. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरकडे गेलेच नाही मी."

"तेच म्हणते. काहीतरी दुखतंय आणि गेली नाहीस. आवाज बघ कसा येतोय. लपवू नकोस माझ्यापासून, मला सगळं कळतं."

"अगं, धडधाकट आहे मी."

"असं फोनवर कोणीही म्हणेल. माझा नाही विश्वास. मी उद्या सकाळच्या गाडीने येते आणि बघते काय चाललंय ते. मुलालाही घेऊन येते, त्याला कुठे ठेवू."

खरंच काही झालेलं नाही, शप्पथ घेते, उगाच धावपळ करू नकोस, हे सगळं माळीणबाईंच्या ओठांवर आलं होतं. मुलीला ते पटवून देणं काही अवघड नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं.

"ये," त्या म्हणाल्या. "नीट बघायला मात्र दोन-चार दिवस लागतील."